वाढलेल्या बांगड्या

फौजेतून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो. पण आमच्या सातारा-सांगलीकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’च असतो. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो. नंतर म्हटलं, सरकारनं न दिलेली बढती गावानं दिली तर नाही कशाला म्हणायचं? माझी सगळी नोकरी भांडारात गेली. हातात बंदूक कमी आणि रजिस्टर जास्त. किती ब्लँकेटं आली, किती फाटली, किती उंदरांनी खाल्ली, हे वर्षानुवर्षं लिहून माझी अशी खात्री झाली होती की जे रजिस्टरात आहे तेच जगात आहे. ही खात्री कवठे महांकाळच्या बायकांनी उतरवली, त्याची ही गोष्ट.

माझं गाव पाटणजवळ. निवृत्तीनंतर वर्षभर घरी बसलो आणि बायकोच्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लावायला लागलो, तेव्हा तिनंच मला हात जोडून सांगितलं, ‘आवं, कुठंतरी कामाला लागा.’ ओळखीतून कवठे महांकाळला बेदाण्याच्या कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळाली. आमच्या पाटणला पावसाळ्यात चार-चार दिवस बनियन वाळत नाही, आणि इथं वेलावरनं काढलेलं द्राक्ष दोन-तीन आठवड्यांत सुकून बेदाणा होतं. पहिले काही दिवस मी कोरड्या हवेचंच कौतुक करत होतो. लोकांना वाटायचं, मेजरला ऊन लागलंय.

कारखाना अण्णांचा. अण्णा म्हणजे सांगलीकडचे जैन व्यापारी, शेतीही आहे, बोलायला मऊ आणि मालाच्या बाबतीत कडक. शेतकऱ्यांच्या शेडवरून बेदाणा आमच्याकडं यायचा. मशिनीत त्याच्या काड्या निघायच्या, मग तो हौदात धुवायचा, वाळवायचा आणि शेवटी टेबलांवर पसरायचा. तिथं बत्तीस बायका, एका टेबलाला चौघी, बोटांनी उरलीसुरली काडी, खडा आणि काळा पडलेला दाणा वेचून काढायच्या. त्याला निवडणी म्हणतात. पहिल्या टेबलावर मावशी बसायची. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी तरी लहान असेल, पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. कारखान्याचं पत्र्याचं छप्पर चढलं त्या वर्षापासून ती तिथं होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचे हात इतक्या वेगानं चालायचे की बघणाऱ्याला वाटावं ही नुसती बेदाण्यावर हात फिरवतेय, आणि तेवढ्यात बाजूला काड्यांचा ढीग झालेला असायचा.

नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल. अण्णांनी मला ऑफिसात बोलावलं आणि फोन पुढं धरला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका मोठ्या शहरातली मिठाईची कंपनी. त्यांनी फोटो पाठवला होता. कुणाच्या तरी तळहातावर मूठभर हिरवा बेदाणा, आणि त्यात नखाएवढा हिरवा काचेचा तुकडा.

‘मेजर, हे काय हाय?’

‘काच.’

‘कशाची?’

मी खिडकीतून टेबलांकडं बघितलं. नागपंचमीला सगळ्याजणींनी नव्या बांगड्या भरल्या होत्या. मावशीचे दोन हात सोडले तर बाकी सगळ्या हातांत हिरवा चुडा किणकिणत होता. आमच्याकडं लोखंड पकडणारं यंत्र होतं, काच पकडणारं नव्हतं.

‘कंपनीचा माणूस दसऱ्याआधी बघायला येणार हाय,’ अण्णा म्हणाले. ‘आणखी एक तुकडा गेला, न्हाईतर त्याला आपलं काम पटलं न्हाई, की माल बंद. मग मला क्यामेऱ्याची निवडायची मशीन आणावी लागंल आन् टेबलं उचलावी लागतील. बत्तीस घरं हाईत, मेजर. मला काय हौस न्हाई.’

हे बोलताना त्यांचा चेहरा पडला होता. बाहेर आलो तर मावशी दारातच उभी. खिडकी उघडी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘आमच्या बोटाला जमतं ते मशिनीला जमंल, पण मशीन आल्यावर आमी कुठं जायचं?’ मी फौजेतला माणूस करतो तेच केलं. ‘काढतो काहीतरी बंदोबस्त,’ म्हणालो.

बंदोबस्ताचं शास्त्र मला अण्णांच्या सुनेनं शिकवलं. ती पुण्यात शिकलेली. एका कंपनीत तिचं कामच हे होतं, की दुसऱ्यांची कामं कशी चालतात ते बघायचं आणि ती सरळ करायची. त्याला ती बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट म्हणायची. हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले. तिनं ऑफिसच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवला, मला पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला आणि म्हणाली, ‘काका, ट्रक आत आल्यापासून बॉक्स बाहेर जाईपर्यंत प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहा. काय होतं, कोण करतं, किती वेळ लागतो. आणि एक लक्षात ठेवा. आधी काम जसं होतंय तसंच लिहायचं. कसं व्हायला पाहिजे ते नंतर. पहिल्या कागदात खोटं आलं की दुसरा फुकट.’

मी चिठ्ठ्या घेऊन निघालो. हौदातलं पाणी कोण बदलतं? ‘बदलतंय की.’ रिकामे क्रेट कोण परत आणतं? ‘येत्यात की.’ टेबल कोण पुसतं? ‘पुसलं जातंय की, मेजर, त्यात काय!’ आमच्या भागात कुठलंच काम कुणी करत नाही, ते आपलं आपण होत असतं. संध्याकाळी भिंतीवर ‘कोण’ या रकान्यात चार चिठ्ठ्यांवर ‘होतंय’ असं लिहिलेलं होतं. सूनबाई पोट धरून हसली. पण चिठ्ठ्या सोडायला सांगेना. आठवडाभरात प्रत्येक कामाला एक माणूस चिकटला आणि हौदाजवळची नेहमीची भांडणं निम्म्यावर आली. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

मग मी काचेकडं वळलो आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो.

मी बत्तीस पत्र्याच्या डब्या आणल्या, प्रत्येकीवर नाव घातलं आणि सकाळी दारात उभा राहून जाहीर केलं, की आत जाताना बांगड्या काढून डबीत ठेवायच्या आणि जाताना परत घालायच्या. कोणी हललं नाही. एक उंच बाई, चौथ्या टेबलावरची, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मेजर, तुमच्या घरच्या काढत्यात व्हय?’ मागून हशा आला. मी आवाज चढवला. तेव्हा मावशी पुढं आली.

‘आवं मेजर, घरात नवरा जिता असताना भुंड्या हातानं बसा म्हणताय व्हय ह्यास्नी? मी बसते तशी? माझं येगळं.’

हशा थांबला. डब्या मी गुपचूप उचलल्या. पुढं बरेच दिवस त्यांत बायका शेंगदाणे आणायच्या, तेवढाच त्यांचा उपयोग झाला.

म्हणजे बांगड्या हातात राहणार, हे नक्की झालं. मग आम्ही असं ठरवलं, की बांगडी फुटली की टेबल थांबवायचं. सगळे तुकडे गोळा करून पांढऱ्या कागदावर जुळवायचे. गोल पुरा झाला तर काम पुढं चालू. एखादा तुकडा कमी पडला तर त्या टेबलावरचा सगळा माल परत धुवायचा आणि परत निवडायचा. आणि रोज संध्याकाळी रजिस्टर भरायचं. रजिस्टर म्हटल्यावर माझा हात आपोआप चालला. बत्तीस नावं एकाखाली एक, पुढं वेळ, टेबल नंबर आणि रकान्याचं नाव, भांडारातल्यासारखंच, ‘फुटलेल्या’.

भरणार कोण? मी एक दिवस बघितलं. बायकांच्या हातांकडं टक लावून फिरायला लागलो तर चौथ्या टेबलावरून आवाज आला, ‘मेजर, आता कासाराचा धंदा धरलाय व्हय?’ तेव्हा ते काम मावशीकडं दिलं. ती सातवी शिकलेली, अक्षर ठसठशीत, सगळ्या तिचं ऐकायच्या. ती नको नको म्हणत होती. ‘माझ्याकडं नका देऊ हे काम,’ असं दोनदा म्हणाली. मला वाटलं, लिहायचा कंटाळा. मी हुकूम सोडला आणि विषय संपवला.

पहिल्या दिवशी रजिस्टरात बत्तीस शून्यं. दुसऱ्या दिवशी बत्तीस शून्यं. महिना झाला, गणपती आले आणि गेले, पानामागून पान नुसती शून्यं. मी हवेत होतो. अण्णांना दाखवलं, सूनबाईला दाखवलं. बायकोला फोन करून सांगितलं, की तुझ्या नवऱ्यानं अख्ख्या कारखान्यात एक बांगडी फुटू दिली नाही. ती ‘हं’ म्हणाली. तिच्या त्या ‘हं’चा अर्थ मी तीस वर्षं संसार करूनही ओळखला नाही.

एका सकाळी हौदाच्या मोरीची जाळी तुंबली म्हणून मी स्वतः हात घातला, आणि जाळीत हिरवा तुकडा. मग केराचा डबा उपडा केला. त्यात आणखी सहा. एक लालसुद्धा. माझा पारा जो चढला! शिट्टी मारून सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि परेडच्या आवाजात ओरडलो, ‘कुणाकुणाची बांगडी फुटली? खरं सांगा! फुटली का नाही फुटली?’

एकीनं गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. दुसरी पुटपुटली, ‘काय अभद्र बोलतोय ह्यो माणूस.’ मावशी रांगेतून निघाली आणि शेडच्या मागं गेली. मी मध्ये उभा, हातात काचा, आणि आपलं काय चुकलं याचा पत्ता नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायकोला फोन लावला आणि तक्रार केली, की इथल्या बायका खोटारड्या आहेत.

‘तुमी इचारलं कसं?’ ती म्हणाली.

‘सरळ विचारलं. बांगडी फुटली का म्हणून.’

पलीकडं ती हसायला लागली, आणि हसणं थांबलं तेव्हा रागावली. ‘आवं, फुटली म्हणत्यात व्हय? वाढली म्हणायचं! सवाशिणीच्या तोंडावर कुणी फुटली म्हणून इचारतं? मला कवा असं इचारलं असतं तर मी जेवाय वाढलं नसतं.’

मी कपाळावर हात मारला. मला हे माहीत नव्हतं असं थोडंच होतं! आई पाण्याच्या हंड्याला हात आपटला की म्हणायची, ‘बांगडी वाढवली बाई.’ नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. पण माझ्या हातानं रजिस्टर आखलं ते भांडारातलं. तिथं कपबशा फुटतात, आणि कपबशीचा नवरा मरत नाही.

‘आन् इचारायचं काम कुणाकडं दिलंय?’ बायकोनं विचारलं. मी सांगितलं. मावशीबद्दल सगळं सांगितलं. ‘देवा,’ ती म्हणाली, ‘त्या बिचारीला लावलंत सवाशिणींना असलं इचारायला? जावा आधी तिच्याकडं.’

मावशी शेडच्या मागं कोल्ड स्टोरेजच्या पायरीवर बसली होती. मांडीवर रजिस्टर. मी शेजारी बसलो नाही, समोर उभा राहिलो. तिनंच सुरुवात केली.

‘मेजर, मी कुणाला इचारलंच न्हाई. एक दिवसबी न्हाई. हे शबूद माझ्या तोंडातनं कसं काढू? माझ्या फुटल्या तवा दारात बसवून फोडल्या. तवापासनं कुणाची बांगडी वाढली तर मी तिकडं बघत न्हाई, माझी नजर नको म्हणून. आन् तुमी सांगताय रोज सांजच्याला बत्तीस जणींना इचार. मी आपली सकाळीच शून्यं घालून ठेवायची.’

माझ्या जिवाला लागलं. एवढ्या मोठ्या कागदावर प्रत्येक कामापुढं माणसाचं नाव लिहिलं होतं मी, आणि एका चिठ्ठीवर असं नाव लिहिलं, की त्या माणसाला ते काम करताच येऊ नये. ‘चुकलो, मावशी,’ म्हणालो. फौजेत मी हा शब्द फक्त साहेबाला म्हणत असे, तोही चूक नसताना. ‘हे काम दुसऱ्या कुणाला देतो.’

तिनं रजिस्टर घट्ट धरलं. ‘आता मला काढताय व्हय? काम वंगाळ न्हाई, शबूद वंगाळ हाय. तेवढा बदला.’

तिथंच पायरीवर मी ‘फुटलेल्या’वर रेघ मारली आणि वर ‘वाढल्या’ लिहिलं. संध्याकाळी मी ऑफिसच्या खिडकीमागं उभा राहून ऐकत होतो. मावशी टेबलापाशी गेली, जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, ‘वाढल्या का गं कुणाच्या?’ बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तिनं स्वतःचे हात पदराखाली घेतले. मग चौथ्या टेबलावरची उंच बाई, जिची जीभ मला विळ्यासारखी वाटायची, ती म्हणाली, ‘मावशी, तुझ्या हातचा निवडलेला बेदाणा अख्खा मुलूख देवाला दाखवतोय. तुझ्या इचारण्यानं काय हुतंय? लिव. माझी एक, सकाळच्याला.’ मग दुसरी बोलली, मग तिसरी. त्या दिवशी पाच. दुसऱ्या दिवशी सात.

अण्णांनी रजिस्टर बघितलं आणि त्यांना घाम फुटला. ‘मेजर, महिनाभर शून्य, आन् आता एकदम वाढायलंय की!’

‘व्हय अण्णा,’ मी म्हणालो, ‘वाढल्याच आहेत.’

सूनबाईला मात्र त्या आकड्यांचा फार आनंद झाला. ती वेळेचा रकाना घेऊन बसली आणि म्हणाली, ‘काका, निवडताना बांगड्या जातच नाहीत. अकराच्या सुमाराला जातात आणि चारच्या सुमाराला. तेव्हा काय होतं?’ मी भिंतीवरचा कागद बघितला. अकराला आणि चारला धुवून वाळवलेल्या मालाचे क्रेट टेबलावर चढतात. टेबल उंच, क्रेट जड, दोघी दोन बाजूंनी उचलायच्या, आणि क्रेटच्या कडेवर मनगट आपटायचं. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत होतं, की बायका निवडताना निष्काळजीपणा करतात. त्या बिचाऱ्या ओझं उचलत होत्या आणि आम्ही त्यांच्या बोटांकडं बघत होतो.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून टेबलाच्या उंचीचे चार चाकांचे गाडे करून घेतले. क्रेट वाळवणीपासून गाड्यावर आणि गाड्यावरून ढकलला की थेट टेबलावर. कुणी काही उचलायचं नाही. बायकांनी त्यांच्या त्यांच्यात ठरवून जुन्या साड्यांच्या, इलॅस्टिक घातलेल्या बाह्या शिवल्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवल्या. आत बांगड्या सुखात, बाहेर माल सुखात. हे डोकं त्यांचं, माझ्या कागदावर ती चिठ्ठी नव्हती. आणि एक फायदा तर कुणी मागितलाही नव्हता. क्रेट सांडेनात, शंकेचा माल परत धुवायला लागेना, त्यामुळं हौदाचं पाणी पुरायला लागलं. पूर्वी एक दिवसाआड टँकर दारात उभा असायचा. तो हळूहळू आठवड्यातून एकदा येऊ लागला. धुण्याचं पाणी वाळूतून गाळून आम्ही कुंपणाच्या लिंबांना सोडलं. कवठे महांकाळमध्ये पाणी वाचलं म्हटल्यावर अण्णांनी मला जिलेबी चारली, आकडे बघून नव्हे.

दसऱ्याआधी कंपनीचा माणूस येणार म्हणून फोन आला, आणि अण्णांचा धीर सुटला. आदल्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मेजर, ते पहिल्या महिन्याचं रजिस्टर दाखवू या काय? त्यात सगळी शून्यं हाईत. चांगलं दिसतंय.’ खरं सांगतो, माझंही मन डळमळलं. बत्तीस जणींचं काम त्या वहीवर होतं. रजिस्टर घेऊन मागंच उभ्या असलेल्या मावशीकडं मी बघितलं. टेबल तिचं जाणार होतं, माझं नाही.

‘खोटी पानंबी मीच लिवली आन् खरीबी मीच,’ ती म्हणाली. ‘खरी दाखवा. टेबल गेलं तर खऱ्यानं जाऊ दे.’

तो माणूस तरुण, पुण्याकडचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं हौद बघितला, गाडे बघितले, बाह्या बघून जरा हसला. मग रजिस्टर उघडलं आणि भुवया उंचावल्या. ‘बांगड्या वाढल्या? म्हणजे? तुम्ही बांगड्यांचाही स्टॉक ठेवता का?’ अण्णा खोकायला लागले. मावशी पुढं झाली आणि तिनं दुसरी वही त्याच्यापुढं ठेवली.

त्या वहीत पानापानावर काचेचे गोल चिकटवले होते. प्रत्येक वाढलेली बांगडी तुकड्या-तुकड्यांनी जुळवून, खाली तारीख, टेबल नंबर आणि वेळ. तो पानं उलटत राहिला. एका पानावर थांबला. तिथला गोल थोडा उघडा होता आणि बाजूला वेगळा तुकडा चिकटवलेला. त्याखाली मावशीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘येक तुकडा मिळना. चार नंबर टेबलाचा समदा माल परत निवडला. तिसऱ्या क्रेटात गावला.’

त्यानं ते दोनदा वाचलं. म्हणाला, ‘या महिन्यात सहा ठिकाणी जाऊन आलो. सगळीकडं शून्यं दाखवली. एकाही ठिकाणी माझा विश्वास बसला नाही.’ वहीचे फोटो काढून तो गेला. आठ दिवसांनी पत्र आलं, की दिवाळीचा माल याच टेबलांवरून घेऊ. अण्णांनी ते पत्र अंगणात मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला, आणि बायकांनी तेवढ्यावरून त्यांची आठवडाभर नक्कल केली.

दिवाळीच्या तोंडावर अण्णांनी कासाराला कारखान्यातच बोलावलं. सगळ्याजणींना त्यांच्याकडून बांगड्या. तो दुपारी अंगणात पथारी टाकून बसला आणि त्याच्याभोवती मोठा कालवा चालला होता. मी ऑफिसात बॉक्सच्या चिठ्ठ्या तपासत होतो. कासार दारावरून गेला तरी मावशी उठून हौदाकडं जाते, असं मी ऐकलं होतं. ती आता तिकडंच असेल असं धरून चाललो होतो.

संध्याकाळी रजिस्टर टेबलावर आलं. मी रोजच्या सवयीनं सही करायला पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीवर अडकलो. पहिली ओळ मावशीची. तिथं सुरुवातीपासून एकच आकडा, शून्य. खोट्या महिन्यातही शून्य आणि खऱ्या महिन्यांतही शून्य. आज तिथं लिहिलं होतं, ‘वाढल्या, ६.’

एका टेबलावर सहा! दिवाळीचा माल अर्धा बॉक्समध्ये भरलेला! पेन खिशात खुपसून, रजिस्टर घेऊन मी तसाच बाहेर धावलो, शिट्टी मारली, गाडे थांबवले. ‘एक नंबर टेबल बंद! बॉक्स उघडा! मावशी, सहा कशा काय? तुकडे कुठायत? कागद आणा!’

सगळ्या बायका माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. कुणी तोंडाला पदर लावलेला. चौथ्या टेबलावरची तर गाड्याला टेकून हसत होती. ‘मेजर,’ ती म्हणाली, ‘मावशीच्या कुठल्या फुटत्यात? डोस्कं हाय का जाग्यावर?’ तिनं स्वतः ‘फुटत्यात’ म्हटलं होतं आणि या वेळी कुणाचा हात मंगळसूत्राकडं गेला नाही.

मावशीनं बाह्या हळूहळू वर सारल्या. डाव्या मनगटात तीन, उजव्या मनगटात तीन. हिरव्यागार. तिनं हात जरा हलवले आणि त्या वाजल्या.

‘कासारापुढं आपली आपण जाऊन बसले,’ ती म्हणाली. ‘रोज शून्य लिवून कटाळा आला हुता, मेजर. कालपातूर न्हवत्या, आज सा हाईत. वाढल्याच की न्हाई? का खोटं लिवलं?’

डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत, लपवायला जागाही नव्हती, बत्तीस जणी समोर होत्या. रजिस्टर गाड्यावर ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीपुढं सही केली.